शांतिरक्षण मोहिमेत गुप्तवार्तेचा मेळ कसा घालावा: नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिरक्षण मोहिमेत माहिती शाखेत नव्याने रुजू होणाऱ्या अधिकाऱ्याची पहिली समजूत बहुधा अशी असते की आपले काम माहिती मिळवण्याचे आहे आणि माहिती न मिळणे हीच आपली मुख्य अडचण असणार आहे. पंधरा दिवसांत चित्र उलटे दिसू लागते. गस्तीचे अहवाल, लष्करी निरीक्षकांच्या नोंदी, पोलीस शाखेची टिपणे, मानवी हक्क शाखेकडे आलेल्या तक्रारी, स्थानिक रेडिओवरच्या बातम्या, ड्रोनची छायाचित्रे, गावकऱ्यांचे फोन असे बरेच काही रोज येत असते. परंतु ते वेगवेगळ्या टेबलांवर, वेगवेगळ्या भाषांत आणि वेगवेगळ्या नमुन्यांत येते, आणि त्यांचा एकमेकांशी ताळा कोणी पाहिलेला नसतो.

हा ताळा न पाहण्याची किंमत बहुतेक वेळा सामान्य माणसे मोजतात. नोव्हेंबर २००८ मध्ये काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या उत्तर किवू प्रांतातील किवांजा या गावात सुमारे दीडशे नागरिक मारले गेले, आणि शांतिसैनिकांचा तळ तिथून एक किलोमीटरच्या आत होता. गावात काय चालले आहे याची खबर तळापर्यंत वेळेत पोहोचेल अशी स्थानिक संपर्काची साधने तोकडी होती. त्यानंतर त्या मोहिमेने स्थानिक भाषा बोलणारे समुदाय संपर्क सहायक तळातळांवर नेमले. हे सहायक गावकऱ्यांशी रोज बोलतात आणि ऐकलेले सैनिकांपर्यंत पोहोचवतात. मेळ घालणे म्हणजे माहितीचा ढीग रचणे नव्हे. एका ठरावीक निर्णयासाठी, वेगवेगळ्या ठिकाणचे तुकडे तपासून, एकमेकांसमोर ठेवून, ज्याच्या हातात काही करण्याची सत्ता आहे त्याच्यापर्यंत वेळेत पोहोचवणे म्हणजे मेळ घालणे. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका वाक्यातून निघतात.

कामाला बसण्यापूर्वी: मर्यादा समजून घ्या

आपल्या भाषेतील ‘गुप्तवार्ता’ या शब्दातच गुप्तता आहे, त्यामुळे नवख्या माणसाची इथे फसगत होऊ शकते. संयुक्त राष्ट्रसंघाने हा शब्द अनेक दशके टाळला. १९६० च्या काँगो मोहिमेत माहिती शाखा होती, ती रेडिओ संदेश ऐकत होती आणि हवाई टेहळणीचाही उपयोग करत होती, तरी तिचे नाव मात्र ‘लष्करी माहिती शाखा’ असेच ठेवण्यात आले. यजमान देशावर हेरगिरी केल्याचा संशय येऊ नये, ही त्यामागची चिंता होती आणि ती रास्त होती. पुढे रुआंडा आणि बोस्नियातील स्रेब्रेनिका येथील अनुभवांनंतर दृष्टिकोन बदलू लागला. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनिका या घोषित सुरक्षित क्षेत्रात सात हजारांहून अधिक पुरुष आणि मुलगे मारले गेले. त्यावरील १९९९ च्या अहवालात महासचिवांनी हल्ल्याची आगाऊ माहिती मोहिमेकडे नव्हती आणि सदस्य राष्ट्रांकडून संवेदनशील माहिती मिळण्यात अडथळे होते, हे मान्य केले. शांतिमोहिमांचा आढावा घेणाऱ्या २००० च्या ब्राहिमी अहवालाने मुख्यालयात विश्लेषणाचे स्वतंत्र सचिवालय सुचवले. सदस्य राष्ट्रांनी ते स्वीकारले नाही. पण २००५-०६ च्या सुमारास प्रत्यक्ष मोहिमांमध्ये जॉइंट मिशन ॲनालिसिस सेंटर, म्हणजे मोहिमेचे संयुक्त विश्लेषण केंद्र, रोजच्या बोलण्यातले ‘जेमॅक’, उभे राहिले. शांतिरक्षण-गुप्तवार्तेचे पहिले अधिकृत धोरण २०१७ मध्ये आले, २०१९ मध्ये ते सुधारण्यात आले आणि त्याच वर्षी लष्करी शाखेसाठी हस्तपुस्तिकाही निघाली.

या धोरणातून नव्या माणसाने दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. पहिली अशी की लपूनछपून, बेकायदा किंवा मोहिमेच्या कायदेशीर चौकटीशी विसंगत मार्गाने माहिती मिळवणे स्पष्टपणे बाहेर ठेवलेले आहे. दुसरी अशी की माहितीचा उपयोग मोहिमेच्या अधिदेशासाठीच, म्हणजे तिला सोपवलेल्या कामासाठीच, करायचा आहे: परिस्थितीचे सामाईक चित्र उभे करणे, कर्मचाऱ्यांवरील धोक्याची वेळेत सूचना देणे आणि नागरिकांचे संरक्षण करणे. यजमान देशाचे सार्वभौमत्व, मानवी हक्क आणि मोहिमेची निःपक्षता यांच्याशी विसंगत असे काही करायचे नाही. एखादे सदस्य राष्ट्र आपल्या तुकडीमार्फत स्वतःच्या राष्ट्रीय कामासाठी माहिती गोळा करू पाहत असेल, तर ते तुमचे काम नाही आणि तुमच्या नोंदवहीत त्याला जागा नाही. या मर्यादा अडचणीच्या वाटतील, पण लोक आपल्याशी बोलतात ते आपण कोणाचे हेर नाही या विश्वासावर, आणि तो विश्वास गेला की उत्तम ड्रोनही फारसा उपयोगी पडत नाही.

पहिली पायरी: प्रश्न नीट मांडून घ्या

मुख्यालयात फोर्स कमांडरच्या, म्हणजे मोहिमेच्या लष्करप्रमुखाच्या, हाताखाली लष्करी गुप्तवार्तेची यू-२ शाखा असते, क्षेत्र पातळीवर जी-२ आणि बटालियनमध्ये एस-२. या तिन्ही ठिकाणी काम सुरू होते ते प्रश्नापासून. कमांडरला कोणता निर्णय घ्यायचा आहे, कधीपर्यंत घ्यायचा आहे आणि त्यासाठी त्याला काय कळायला हवे, हे त्याच्याकडून वदवून घ्या. ‘उत्तरेकडील सशस्त्र गटांची माहिती द्या’ हा प्रश्न नव्हे. त्याचे उत्तर कधीच पूर्ण होत नाही आणि कोणीही ते वाचत नाही. ‘येत्या तीन आठवड्यांत नदीपलीकडचा गट विस्थापितांच्या छावणीवर हल्ला करण्याच्या तयारीत आहे काय, आणि असल्यास कोणत्या उताराने, म्हणजे नदी ओलांडता येणाऱ्या कोणत्या जागेने, येईल’ हा प्रश्न आहे, कारण त्याच्या उत्तरावर राखीव तुकडी कुठे ठेवायची हे ठरते.

असा प्रश्न मिळाला की त्याचे लहान तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्यासाठी डोळ्यांना दिसतील किंवा कानांना ऐकू येतील अशा खुणा लिहून काढा. हल्ला होणार असेल तर आधी काय दिसेल? इंधनाची साठवण, रात्रीची वाहतूक, बायकामुलांचे स्थलांतर, बाजारात विशिष्ट समाजाची गैरहजेरी, रेडिओवरील भाषेचा बदललेला सूर. मग कोणती खूण कोणाला दिसू शकेल ते समोर लिहा आणि त्या त्या शाखेकडे सोपवा. हाच माहिती मिळवण्याचा आराखडा. तो एका कागदावर मावला पाहिजे.

दुसरी पायरी: कोणाकडे काय आहे ते हिंडून पाहा

पहिल्या आठवड्यात संगणकासमोर बसण्याऐवजी मुख्यालयात हिंडा. पोलीस शाखेला ठाण्यांतील गुन्ह्यांचा कल कळतो. नागरी व्यवहार शाखा गावच्या प्रमुखांशी बोलते. मानवी हक्क शाखेला कोणत्या रस्त्यावर लोकांना अडवले जाते ते ठाऊक असते. रसद शाखेच्या चालकांना पूल कधी बंद होता हे तोंडपाठ असते. लष्करी शाखेत बसून या सगळ्यांना ‘नागरी लोक’ म्हणून बाजूला ठेवणे ही मोठी चूक आहे, कारण धोक्याची पहिली कुणकुण बहुधा त्यांनाच लागते. जेमॅकमध्ये लष्करी, पोलीस आणि नागरी विश्लेषक एकत्र बसतात ते याच कारणाने. रोजच्या घडामोडींचे चित्र जॉइंट ऑपरेशन्स सेंटर सांभाळते आणि पुढचा अंदाज जेमॅक बांधते. या दोन्ही ठिकाणच्या माणसांची आणि कामाची ओळख तुम्हाला पहिल्याच दिवशी असायला हवी.

गस्तीत केवळ पुरुष असतील तर अर्ध्या गावाचे म्हणणे तुमच्यापर्यंत येणारच नाही. पाणवठा, जळण आणण्याची वाट, दवाखाना या ठिकाणी काय बदलले ते बायका सांगतात, आणि त्या बहुतेक वेळा बायकांशीच बोलतात. म्हणून महिला सैनिक असलेली संपर्क पथके कुठे जाणार आहेत याचे वेळापत्रक तुमच्या आराखड्याशी जोडून घ्या.

मानवतावादी संस्थांबाबत मात्र जपून राहा. त्यांचे काम सर्व बाजूंना त्या तटस्थ वाटण्यावर चालते. त्यांच्या माणसाला तुम्ही माहितीदार समजू लागलात तर उद्या त्याचा जीव धोक्यात येईल. त्या स्वतःहून जाहीर करतात ते वाचा, बैठकीत सांगतील ते ऐका, त्यापलीकडे त्यांना काम सोपवू नका.

तिसरी पायरी: सगळे एका साच्यात आणा

ही पायरी कंटाळवाणी वाटते आणि म्हणून इथेच सर्वाधिक ढिलाई होते. प्रत्येक नोंदीला क्रमांक, घटना घडल्याची वेळ, आपल्याला कळल्याची वेळ, जागेचे निर्देशांक, स्रोताचा सांकेतिक क्रमांक आणि मूळ शब्द एवढे असलेच पाहिजे. घटनेची वेळ आणि कळल्याची वेळ या दोन वेगळ्या रकान्यांत लिहा. चार दिवसांपूर्वीचे पाहिलेले आज कळले आणि आजचे म्हणून नोंदले गेले, तर गट एकाच वेळी दोन ठिकाणी असल्याचा भास होतो. काँगोसारख्या देशात किन्शासा आणि गोमा यांच्या घड्याळात एका तासाचा फरक आहे. वेळ कोणत्या घड्याळाची हे लिहिले नाही तर दोन खऱ्या नोंदी एकमेकींना खोट्या पाडतात.

जागांच्या नावांचा घोळ याहून मोठा असतो. एकाच नावाची दोन गावे, एकाच गावाची तीन नावे, आणि गस्तप्रमुखाने ऐकून स्वतःच्या लिपीत लिहिलेले चौथे. गावांच्या नावांची यादी पहिल्याच महिन्यात करा, प्रत्येक नावापुढे निर्देशांक घाला आणि स्थानिक सहकाऱ्याकडून ती मोठ्याने वाचून घ्या. मोहिमेच्या सामाईक घटना-नोंद प्रणालीत, अनेक मोहिमांत तिचे नाव ‘सेज’ असे आहे, हीच नावे वापरली जातील असे पाहा. भाषांतर झालेले असेल तर मूळ वाक्यही जपा. ‘हत्यारे’ आणि ‘अवजारे’ यांत दुभाष्याची गल्लत झाली की नांगर बंदुका होतात.

चौथी पायरी: स्रोत वेगळा तोला, माहिती वेगळी तोला

सर्वत्र वापरली जाणारी पद्धत साधी आहे. स्रोताला ए ते एफ असे अक्षर आणि माहितीला १ ते ६ असा अंक. ए म्हणजे पूर्ण विश्वासार्ह, ई म्हणजे अविश्वासार्ह, आणि एफ म्हणजे विश्वासार्हता ठरवता येत नाही. १ म्हणजे इतर स्रोतांनी पुष्टी केलेली माहिती, ५ म्हणजे असंभाव्य, आणि ६ म्हणजे सत्यता ठरवता येत नाही. नवखे लोक एफ-६ ही सर्वांत हलकी श्रेणी समजून ती नोंद टाकून देतात. तिचा अर्थ केवळ ‘अजून कळत नाही’ असा आहे. पहिल्यांदाच फोन करणारी घाबरलेली बाई एफ-६ असते, आणि ती सांगते ते पूर्णपणे खरे असू शकते.

अक्षर आणि अंक एकमेकांपासून स्वतंत्र ठेवा. विश्वासू माणूसही ऐकीव गोष्ट सांगतो. बेभरवशाचा माणूसही कधी डोळ्यांनी पाहिलेले सांगतो. ‘आमचा नेहमीचा माणूस आहे’ म्हणून माहितीला आपोआप वरचा अंक देणे ही माझ्या मते या कामातली सर्वांत घातक सवय आहे. सांगणाऱ्याने स्वतः पाहिले, कोणाकडून ऐकले की अंदाज केला, हे तीन शब्दांत का होईना लिहाच. आणि सांगण्यात त्याचा काय लाभ आहे हेही स्वतःला विचारा: शेजारच्या समाजाशी जमिनीचा वाद असलेला प्रमुख त्या समाजात बंडखोर लपल्याचे सांगत असेल, तर त्याची नोंद ठेवा, पण वादाचीही ठेवा.

पाचवी पायरी: प्रत्यक्ष मेळ

आता पहिल्या पायरीतल्या छावणीच्या प्रश्नासाठीच एक प्रसंग कल्पून बारकाईने पाहू. क्षेत्र मुख्यालयात एका आठवड्यात तुमच्यापुढे पाच नोंदी आल्या. मंगळवारी पायी गस्तीने लिहिले की नदीकाठच्या गावचा आठवडी बाजार निम्मा रिकामा होता. विक्रेते बसले होते, पण पलीकडच्या काठावरच्या बायका खरेदीला आल्या नव्हत्या. बुधवारी समुदाय संपर्क सहायकाला फोन आला की दोन रात्री गावाबाहेरून मोटारसायकली गेल्या. गुरुवारी पोलीस शाखेने कळवले की रस्त्यावरच्या एका पंपावरून कोणी तरी नेहमीपेक्षा खूप जास्त कॅन भरून नेले. त्याच दिवशी नागरी व्यवहार शाखेच्या टिपणात आले की शाळेच्या मुख्याध्यापकांनी रात्रीच्या अनोळखी वाहतुकीबद्दल काळजी व्यक्त केली. शुक्रवारी ड्रोनच्या छायाचित्रात नदीच्या उतारावर चाकांच्या ताज्या खुणा दिसल्या. माणसे दिसली नाहीत.

पहिल्या नजरेत रात्रीच्या वाहतुकीला दोन स्वतंत्र साक्षी आहेत असे वाटते. सहायकाला विचारले तेव्हा कळले की फोन करणारेही मुख्याध्यापकच होते. म्हणजे दोन शाखा, दोन कागद, पण तोंड एकच. असे फिरून आलेले एकच वृत्त पुष्टी म्हणून मोजले जाणे हा मेळ घालण्यातला सर्वांत जुना सापळा आहे, आणि अहवाल जितक्या जास्त हातांतून जातो तितका तो अधिक फसवा होतो. म्हणून नोंद जोडण्यापूर्वी दर वेळी विचारा: हे मुळात कोणी पाहिले? इथे ही माहिती एकाच स्रोताची म्हणून धरली, पण चाकांच्या खुणांनी तिला वेगळ्या प्रकारचा आधार दिला. छायाचित्र मुख्याध्यापकांना ओळखत नाही. म्हणून तो आधार खरा.

यानंतर नोंदी काळाच्या ओळीवर आणि नकाशावर मांडा. दोन्ही मांडण्या करा, कारण त्यांतून वेगवेगळे दिसते. काळाच्या ओळीवर दिसले की बायकांची गैरहजेरी मोटारसायकलींच्या पहिल्या रात्रीनंतरची आहे. नकाशावर दिसले की पंप, गाव आणि उतार एकाच वाटेवर आहेत.

आता स्पष्टीकरणे मांडा, आणि एकावर थांबू नका. पहिले: सशस्त्र गट नदी ओलांडून हल्ल्याची तयारी करतो आहे. दुसरे: इंधनाची चोरटी वाहतूक चालू आहे. तिसरे: पलीकडच्या काठावर दुसऱ्याच कोणाचे भय आहे, आणि मोटारसायकलींवरचे लोक तिथून पळून येणारे आहेत. प्रत्येक नोंद या तिन्हींशी ताडून पाहा आणि कोणती नोंद कोणत्या स्पष्टीकरणाला बसत नाही ते शोधा. बसणाऱ्या नोंदी सगळीकडेच बसतात, त्यामुळे त्यांतून फारसे ठरत नाही. वाढलेले इंधन तिन्हींना चालते. पण चोरटा व्यापार हा नेहमीचाच असेल तर त्यासाठी बायका बाजार का चुकवतील? दुसरे स्पष्टीकरण इथे अडखळते. पहिले आणि तिसरे यांत निवड करायला लागणारी माहिती अजून हातात नाही: पलीकडच्या गावात लोक आहेत की निघून गेले? ही उणीव शोधून नेमकी सांगता येणे हाच या दिवसाच्या कामाचा सर्वांत मोलाचा भाग आहे. तिच्यावरून उद्याची गस्त ठरते: महिला सैनिक असलेले पथक, पलीकडचा पाणवठा, पुढच्या मंगळवारच्या बाजाराआधी.

एकट्याने हे ताडून पाहू नका. आपल्याला आवडलेल्या स्पष्टीकरणाच्या विरोधात बोलण्याचे काम एका सहकाऱ्याला मुद्दाम द्या आणि स्थानिक सहकाऱ्याला शेवटी नव्हे तर आधी बोलू द्या. त्या मंगळवारी गावात एखादा दुखवटा होता काय, हे तुम्हाला कोणताही उपग्रह सांगणार नाही.

सहावी पायरी: निष्कर्ष अशा शब्दांत लिहा की त्यावर पाऊल टाकता येईल

‘काहीही घडू शकते’ या वाक्यावर कोणीही निर्णय घेऊ शकत नाही, आणि ‘हल्ला होणारच’ हे वाक्य लिहिण्याइतकी माहिती बहुधा नसते. शक्यतेसाठी ठरावीक शब्द वापरा, म्हणजे ‘असंभाव्य’, ‘शक्य’, ‘संभाव्य’, ‘अत्यंत संभाव्य’, आणि त्यांचा अर्थ शाखेत सर्वांसाठी एकच ठेवा. शक्यता आणि आपला भरवसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या वेगळ्या वाक्यांत लिहा: हल्ला संभाव्य वाटतो; भरवसा मध्यम आहे, कारण मूळ स्रोत दोनच आहेत. काय पाहिले आणि आपण काय समजतो यांतली रेघ वाचणाऱ्याला दिसली पाहिजे. काय घडल्यास आपले मत बदलेल हेही एका ओळीत लिहा. पानभर पुरे आहे. निष्कर्ष पहिल्या तीन ओळींत, आधार त्याखाली.

सातवी पायरी: ज्याच्या हाती पोहोचायला हवे त्याच्या हाती द्या

या पायरीवर थोडे थांबायला हवे, कारण सर्वांत दुःखद चुका इथे झाल्या आहेत. ११ जानेवारी १९९४ रोजी रुआंडातील मोहिमेचे फोर्स कमांडर रोमिओ डॅलेअर यांनी न्यूयॉर्कला तार पाठवली. एका माहितीदाराने किगालीतील शस्त्रसाठ्यांबद्दल, अल्पसंख्य तुत्सी समाजाच्या लोकांच्या नोंदणीबद्दल आणि बेल्जियमने सैन्य काढून घ्यावे म्हणून बेल्जियन सैनिकांना मारण्याच्या बेताबद्दल सांगितले होते. शस्त्रसाठ्यांवर छापा घालण्याची परवानगी मिळाली नाही. सात एप्रिलला दहा बेल्जियन सैनिक मारले गेले, बेल्जियमने सैन्य मागे घेतले, आणि शंभर दिवसांच्या आसपास सुमारे आठ लाख माणसे मारली गेली. माहिती होती, ती वर गेली होती, आणि तरीही ती तिथे अडली. विश्लेषकाच्या हातात निर्णय नसतो हे खरे आहे. पण आपल्या कागदावर कोणी काय ठरवले, कधी ठरवले, आणि काहीच ठरवले नसेल तर पुन्हा दार ठोठावले काय, एवढे त्याच्या हातात असते.

उलट दिशेचा धडा मालीतून मिळतो. २०१३ साली सुरू झालेल्या मोहिमेत नेदरलँड्सच्या पुढाकाराने सर्व स्रोतांची माहिती एकत्र करणारे स्वतंत्र पथक उभारण्यात आले. बामाकोत विश्लेषक, गाओला नेदरलँड्सची आणि टिंबक्टूला स्वीडनची टेहळणी तुकडी. साधने उत्तम होती, माणसे तयार होती. पण पथकाची संगणक-व्यवस्था आणि गोपनीयतेचे नियम असे होते की त्यातील बरेच काही आफ्रिकी तुकड्यांपर्यंत पोहोचत नसे, आणि बहुतेक जीवितहानी त्यांचीच होत होती. शिवाय दीर्घ पल्ल्याचे अभ्यासपूर्ण अहवाल तयार होत, तर कमांडरला उद्या कोणत्या रस्त्यावर काय आहे हे हवे असे. पुढे हे पथक यू-२ शाखेत विलीन करण्यात आले. ज्याला धोका आहे त्याच्या रेडिओवर, त्याला कळेल त्या भाषेत, वेळेत जे पोहोचते तेच उपयोगाचे.

म्हणून प्रत्येक निष्कर्षासाठी आधी वाचक ठरवा. वर सांगितलेल्या प्रसंगात नदीकाठच्या कंपनी कमांडरला शनिवारी संध्याकाळी पाच ओळी आणि एक नकाशा हवा. फोर्स कमांडरला राखीव तुकडी हलवावी की नाही एवढे. नागरिकांच्या संरक्षणाच्या सल्लागाराला छावणीतील लोकांसाठी काय करता येईल ते. एकच कागद तिघांना पाठवणे सोपे असते, परंतु तिघांपैकी दोघे तो वाचत नाहीत. जिवाला तातडीचा धोका दिसत असेल तर नमुना, सही आणि बैठक यांची वाट न पाहता आधी रेडिओवर सांगा, कागद मागाहून. फ्रेंच किंवा अन्य भाषा बोलणाऱ्या तुकड्यांसाठी भाषांतर ही तुमची जबाबदारी आहे. ‘इंग्रजीत पाठवले होते’ हे उत्तर होऊ शकत नाही.

सांगणाऱ्याचा जीव सांभाळणे

याला वेगळी पायरी म्हणून क्रमांक देत नाही, कारण हे प्रत्येक पायरीवर करायचे आहे. वरील प्रसंगात ‘शाळेच्या मुख्याध्यापकांनी सांगितले’ असे खालच्या तुकड्यांकडे जाणाऱ्या अहवालात लिहिले असते तर ते नाव लिहिण्यासारखेच झाले असते, कारण गावात शाळा एकच आहे. ‘गावातील एका विश्वासार्ह स्रोताने’ हेही लहान गावात पुरेसे झाकत नाही. मूळ स्रोत वेगळ्या नोंदवहीत सांकेतिक क्रमांकाने ठेवा, ती वही कोणाला पाहता येईल ते लेखी ठरवा, आणि खाली जाणाऱ्या कागदात माहितीच अशी मांडा की ती कोणीही पाहिलेली असू शकेल. यजमान देशाच्या दलांना माहिती देताना विचार दुप्पट करा. तिच्या आधारे ते गावकऱ्यांवर कारवाई करू शकतील काय, हा प्रश्न वरिष्ठांपुढे मांडल्याशिवाय काहीही देऊ नका. गस्तीच्या गाड्या एकाच घरासमोर वारंवार थांबल्या तरी ते घर गावाच्या नजरेत येते, हे गस्तप्रमुखाला समजावून सांगा.

माहिती देणाऱ्याला आपण काय वचन देतो याचेही भान हवे. ‘तुम्हाला आम्ही संरक्षण देऊ’ असे म्हणण्याची सत्ता तुमच्याकडे नसेल तर ते म्हणू नका. मुलांकडून माहिती काढू नका.

परतीचा निरोप आणि पुढच्याच्या हाती द्यायची वही

दहा किलोमीटर चिखल तुडवून बाजाराची नोंद लिहिणाऱ्या हवालदाराला तिचे पुढे काय झाले ते बहुधा कधीच कळत नाही, आणि मग त्याचे अहवाल हळूहळू ‘परिस्थिती शांत’ या दोन शब्दांवर येतात. महिन्यातून एकदा तरी तळावर जाऊन त्याला सांगा की बायका आल्या नव्हत्या या त्याच्या ओळीमुळे दुसरे स्पष्टीकरण बाजूला पडले. पुढच्या वेळी कोण आले आणि कोण आले नाही हे तो आपणहून लिहील.

तुकड्या सहा महिने ते एका वर्षाने बदलतात, आणि त्यांच्याबरोबर गावाची सगळी ओळख विमानात बसून निघून जाते. तुमच्या जाण्याच्या एक महिना आधी हस्तांतराची वही तयार करा. तिच्यात अनुत्तरित प्रश्न, गावांच्या नावांची निर्देशांकांसह यादी, कोणत्या महिन्यात कोणत्या वाटेने गुरे आणि माणसे नेहमी हलतात, बाजाराचे वार, आपण केलेले पण चुकलेले अंदाज आणि ते का चुकले, हे सगळे असावे. चुकलेले अंदाज गाळू नका. नव्या माणसाला त्यांचाच सर्वाधिक उपयोग होतो. स्रोतांची ओळख या वहीत लिहू नका. ती त्यांच्या संमतीने, प्रत्यक्ष भेटीत, नव्या अधिकाऱ्याला समोर बसवून करून द्या, आणि एखाद्याने नको म्हटले तर त्याचा क्रमांक बंद करा.